तळमजल्याचा पत्ता

आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला आयुष्यभर जिनेच चढावे लागतात, कारण तो येतो तेव्हा लिफ्ट बंदच असते. ही गंमत मिस्त्रींना नोकरीच्या पहिल्याच वर्षी सुचली होती आणि तेव्हा त्यांनी ती भेटेल त्याला सांगून हसवलं होतं. आता निवृत्ती तोंडावर आल्यावर तीच गंमत एखाद्या नव्या पोरानं ऐकवली, की ते नुसतं "हं" म्हणत आणि गुडघा चोळत. चढताना त्यांचे गुडघे असे वाजत, की वरच्या मजल्यावरच्या लोकांना मिस्त्री येत असल्याची वर्दी आधीच मिळायची.

त्या संध्याकाळी ते असेच दिवसभराचे जिने पायांत घेऊन घरी आले, बूट काढले आणि भिंतीला पाठ लावून खालीच बसले. बायको म्हणाली, "इंटरनेटवाल्यांचा निरोप आलाय. तुमचा पत्ता काढून घेतायत म्हणे."

"कुठला पत्ता?"

"मला काय ठाऊक? त्या कोपऱ्यातल्या सवतीचा असेल."

कोपऱ्यातली सवत म्हणजे जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर. लग्न झालं त्यानंतर थोड्याच वर्षांत तो घरात आला आणि तेव्हापासून कोणी तो मुद्दाम बंद केलेला नाही. त्याच्या पंख्याची घरघर त्या घरात इतकी मुरली होती, की वीज गेली की दोघांनाही शांततेनं जाग यायची.

या सवतीची कूळकथा आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. इंटरनेट घरोघर पोचण्याआधी काही हौशी माणसांनी एक उद्योग आरंभला होता. घरातला कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेला जोडायचा आणि तो दिवसरात्र चालू ठेवायचा. दुसऱ्यानं आपल्या कॉम्प्युटरवरून त्या नंबरला फोन लावला, की त्याच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत. आलेले निरोप वाचायचे, आपला निरोप ठेवायचा आणि निघायचं. शाळेतल्या सूचनांच्या फळ्यासारखं काम, म्हणून त्याला बोर्ड म्हणत. असे बोर्ड गावोगावी होते आणि रोज संध्याकाळी सात ते आठ या वेळात ते एकमेकांना फोन लावून आपापली टपालाची थैली पोचती करत. त्याला टपालाचा तास म्हणायचे. त्या तासाचा नियम फार कडक. लाइन मोकळी ठेवायची, घरातल्या कोणी फोनला हात लावायचा नाही, आणि ज्याचा बोर्ड त्या तासात वरचेवर उत्तर देईनासा होईल त्याला मंडळातून नारळ. मिस्त्रींच्या सासुरवाडीला हे पाठ होतं. "बारसं असो की मयत, कळवायचं ते आठनंतर," असं त्यांचा मेव्हणा म्हणायचा, आणि ते काही कौतुकानं म्हणायचा नाही.

बोर्डवर कोणी खरं नाव लावत नसे. कोणी गरुड, कोणी वादळ, कोणी ज्वालामुखी. जो तो नावानं उडत होता, भडकत होता. मिस्त्रींनी नाव घेतलं 'तळमजला'. दिवसभर वर चढणाऱ्या माणसाला घरी आल्यावर तरी खाली राहू द्या, एवढाच त्यामागचा विचार होता.

त्यांना या नादाला लावलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, तारऑफिसातले. एकदा तारऑफिसची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत एकटे मास्तर होते. मिस्त्री तेव्हा ऐन उमेदीतले. ते वरून दोर सोडवत होते आणि आतून हा माणूस ना ओरडतोय ना दार बडवतोय. तो शांतपणे विचारत होता, "किती वेळ लागेल? नाही, घाई नाही, पण सात वाजता माझं टपाल असतं." दार उघडेपर्यंत त्यानं फटीतून मिस्त्रींना बोर्ड म्हणजे काय ते सगळं समजावलं होतं. महिन्याभरानं मास्तर आपला जुना मोडेम पिशवीत घालून मिस्त्रींच्या घरी आले. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनवर बोलायला शिकवणारी डबी. ती जोडून दिली, चहा घेतला आणि निघताना बायकोला म्हणाले, "वहिनी, शिव्या मला घाला. तो गरीब आहे." ती अजून त्यांनाच घालते.

त्यानंतर दोघांची प्रत्यक्ष भेट क्वचितच झाली असेल. मास्तरांची बदली दुसऱ्या गावी झाली. पण बोर्डवर ते रोज भेटत. पोरांची आजारपणं, नोकरीतले खडूस साहेब, मिस्त्रींची आई गेली ते दिवस, मास्तरांची बायको गेली ते दिवस, सगळं हिरव्या अक्षरांत. मिस्त्री तोंडानं जे कधी कोणाशी बोलले नाहीत ते त्यांनी मास्तरांना लिहिलं होतं.

पुढे इंटरनेट आलं, खिशातले फोन आले, आणि गरुड, वादळ, ज्वालामुखी सगळे तिकडे पांगले. बोर्डांनी टेलिफोन सोडून इंटरनेटची तार धरली, म्हणजे नंबराऐवजी पत्ता आला, बाकी तास तोच. उरले मोजके. त्यात एक 'घुबड', म्हणजे औषधाचं दुकान चालवणारी बाई, जिभेनं आपल्या दुकानातल्या कुठल्याही औषधापेक्षा कडू. दुसरा 'अडगळ', घड्याळं दुरुस्त करणारा, ज्याच्याकडे आता कोणी घड्याळ घेऊन येत नाही. तिसरे मिस्त्री. आणि मास्तर.

मास्तरांचं मात्र वेगळंच सुरू झालं होतं. ते विसरू लागले होते. आधी चष्मा, मग वाटा, मग माणसं. मुलीनं त्यांना आपल्या घरी आणलं. तिथे त्यांना न्हाणीघर कुठे ते सापडायचं नाही, नवा फोन हातात दिला तर ते तो उलटासुलटा करून परत द्यायचे. पण संध्याकाळी सात वाजले, की ते आपल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसत आणि त्यांची बोटं सरसर चालत. कुठली कळ दाबली की तळमजल्याला कॉल जातो, कुठली दाबली की निरोप उघडतो, हे डोक्यातून गेलं होतं, बोटांतून गेलं नव्हतं. आणि ते रोज एकच ओळ लिहायचे. "तळमजला, मंडळात नवीन कोण आलं?"

मिस्त्रींनी सुरुवातीला मनापासून उत्तरं लिहिली. कधी थट्टा केली, कधी जुनी आठवण काढली. पण रोज तोच प्रश्न. दिवसभर कुणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत ग्रीस आणि काळोखात काम करून यायचं, आणि मग हा. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी उत्तर एका कळीवर बसवून टाकलं. कळ दाबली की आपोआप उमटायचं, "नवीन कोणी नाही, मास्तर. आहोत ते आहोत." दोन वर्षं ते ती कळ दाबत होते. जेवणाआधी हात धुवावेत तसं.

तर इंटरनेटवाल्यांनी जो पत्ता काढून घेतला तो हा. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात संपत आले होते, म्हणून कंपनीनं शेकडो घरं मिळून एकाच पत्त्यामागे घातली. मोठ्या इमारतीला एकच फाटक ठेवावं आणि दारांवरच्या पाट्या काढून टाकाव्यात तसं. आतल्या माणसाला बाहेर जायला अडचण नाही, पण बाहेरून आलेल्यानं विचारलं, तळमजला कुठे राहतो? तर फाटकावरच्याला पत्ता नाही. मिस्त्रींचा कॉम्प्युटर घुबडाला कॉल लावू शकत होता. त्याला मात्र कोणी लावू शकत नव्हतं, आणि मास्तरांच्या बोटांना तर फक्त तळमजलाच ठाऊक होता.

खरं सांगायचं तर निरोप वाचून मिस्त्रींना बरं वाटलं. अगदी मोकळं वाटलं. आपण बंद केलं नाही, आपोआप बंद झालं, कोणी बोट दाखवायला नको. ते त्या रात्री पोटभर जेवले आणि बायकोला म्हणाले, "सुटलो गं." तिनं कोपऱ्याकडे एकदा पाहिलं.

हे सुख आठवडाभर टिकलं. मग मास्तरांच्या मुलीचा फोन आला.

"काका, तुमचा बोर्ड बंद केलात का?"

"कंपनीनं पत्ता काढला. माझ्या हातात काही नाही."

"नाही, मी दोष देत नाही. पण बाबा सातला बसतात ते उठतच नाहीत. उत्तर नाही, उत्तर नाही, एवढंच येतं पडद्यावर. ते पुन्हा लावतात. काल जेवायला उठा म्हटलं तर माझ्यावर हात उगारला. त्यांनी आयुष्यात कधी..." ती थांबली. "त्यांचं सगळं गेलं काका. तो एक तास तेवढा राहिला होता. त्या तासात ते माझे बाबा असायचे."

मिस्त्री फोन ठेवून गुडघा चोळत बसले. त्यांना राग आला होता, आणि कोणावर ते त्यांना कळत नव्हतं.

रविवारी तिघांनी फोनवर मसलत केली. घुबड म्हणाली, "नवे पत्ते घ्या. लांबलचक असतात, पण संपायचे नाहीत. प्रत्येक यंत्राला स्वतःचा. तुमच्या कंपनीनं ते केव्हाच देऊन ठेवलेत, तुम्ही बघितलंच नसेल."

"माझा बोर्डचा प्रोग्राम तीस वर्षांचा आहे. त्याला लांब पत्ता गिळवायचा नाही," मिस्त्री म्हणाले.

"मग मध्ये दुभाष्या बसवू, लांब पत्ता जुन्या भाषेत सांगणारा छोटा प्रोग्राम. मी लिहिते."

"एवढा खटाटोप कशाला?" अडगळ म्हणाला. "बोर्ड उचल आणि कुठल्यातरी भाड्याच्या यंत्रावर ठेव."

"मग तो भाडेकरू झाला. तळमजला कसला?" मिस्त्री म्हणाले.

"इतका म्हाताऱ्यांचा हट्ट मी दुकानात ऐकते, इथे नको," घुबड म्हणाली. "लिहिते म्हटलं ना."

तिनं ते लिहिलं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा, गल्ल्यामागे बसून. अडगळनं त्यातल्या चुका काढल्या. बारीक काटे चिमट्यानं उचलण्याची सवय असलेला माणूस, त्याला दुसऱ्याची चूक लगेच दिसायची. मिस्त्री कामावरून येऊन, पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून, घुबड सांगेल ती अक्षरं ठोकत. एक गोष्ट बसली की दुसरी निसटायची. किती वेळा त्यांच्या मनात आलं, की या सगळ्याचा शेवट काय, तर एक म्हातारा रोज एकच प्रश्न विचारणार आणि मी एक कळ दाबणार. पण ते कोणाला म्हणाले नाहीत. म्हटलं असतं तर घुबडानं फाडून खाल्लं असतं.

शेवटी एका संध्याकाळी घुबडाचा कॉल बाहेरून, लांब पत्त्यावर, थेट आत आला. पडद्यावर हिरवं उमटलं, 'तळमजल्यावर स्वागत असो.' अडगळनंही लावून बघितला, लागला. तिघंही फोनवर नुसते हसत राहिले. मग मास्तरांच्या कॉम्प्युटरात जुन्या पत्त्याच्या जागी घालायला मिस्त्रींनी पडद्यावरचा पत्ता त्यांच्या मुलीला फोनवर सांगितला, आणि तो सांगणं म्हणजे एक तमाशाच होता.

"आता कोलन."

"दिला."

"अजून एक कोलन."

"दोनदा?"

"दोन कोलन शेजारी आले की मध्ये शून्यं आहेत असं समजायचं."

"मग शून्यं लिहीत का नाहीत?"

"लिहायचा कंटाळा, दुसरं काय! पुढे एफ. फणसातला नव्हे गं, इंग्रजी."

तो लिहून झाला तेव्हा टपालाचा तास टळून गेला होता. मिस्त्रींनी समाधानानं कॉम्प्युटरचं बटण दाबून तो बंद केला, थोडं थांबले आणि पुन्हा चालू केला. ही लिफ्टवाल्यांची जुनी रीत. काम झालं की मेन स्विच एकदा पाडायचा, पुन्हा चढवायचा, लिफ्ट नीट जागेवर येते का बघायचं आणि मगच हत्यारं गोळा करायची. असं केल्याशिवाय मिस्त्री कुठल्याही इमारतीतून बाहेर पडलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सातला मास्तरांच्या पडद्यावर आलं, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. मिस्त्रींच्या यंत्राकडून घुबडाकडे टपाल व्यवस्थित जात होतं, त्यामुळे खोट तिकडेच असणार हे त्यांनी ठरवून टाकलं.

"तू लिहिताना चुकलीस," ते मुलीला म्हणाले, आणि जरा जोरातच म्हणाले. "एक अक्षर इकडचं तिकडे झालं की संपलं."

"मी चार वेळा ताडून बघितलं काका."

"मग पाचव्यांदा बघ."

ती हळूच म्हणाली, "तुम्ही एकदा येऊन जाल का? बाबा काल रडले."

मिस्त्रींनी साहेबांकडून रजा घेतली आणि सकाळची पहिली बस धरली. सवयीनं कंपनीचा निळा सदराच अंगावर चढवला होता, खिशावर लिफ्टचं चित्र. बस अर्धा दिवस घेते. गुडघे पुढच्या बाकाला टेकलेले, आणि डोक्यात हिशेब एकच, की पोरीची चूक दुरुस्त करायची आणि संध्याकाळची परतीची बस गाठायची.

घर चौथ्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट नव्हतीच. मिस्त्री कठड्याला धरून वर गेले आणि दारात धापा टाकत उभे राहिले. दार मास्तरांनीच उघडलं. केवढे लहान झाले होते. सदरा नीट इस्त्रीचा, पण गुंडी चुकलेली. त्यांनी मिस्त्रींच्या खिशावरचं चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलास? बरं झालं. मी मघापासून अडकलोय."

मिस्त्रींनी बूट काढले.

"किती वेळ लागेल?" मास्तरांनी विचारलं. "घाई नाही. पण सात वाजता माझं टपाल असतं."

"झालंच, मास्तर," मिस्त्री म्हणाले. "सातच्या आत होईल."

मुलगी आतून आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. "बाबा, ओळखलंत का? हे कोण आलेत बघा! तळमजला!"

मास्तर हसले. "वेडी आहेस. हे लिफ्टवाले. तळमजला कधी कुठे जात नाही, त्याचे गुडघे दुखतात." मग मिस्त्रींकडे वळून म्हणाले, "बस. दमलेला दिसतोस."

मिस्त्री बसले. मुलगी पुन्हा काही सांगणार होती, त्यांनी तिला हातानं थांबवलं. मास्तर त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणून बोलू लागले, लेकीनं ऐकू नये म्हणून.

"माझा एक मित्र आहे. रोज लिहितो. हल्ली लिहीत नाही."

"कामात असतील."

"रागावला असेल. ही म्हणते मी त्याला तेच तेच विचारतो. मला आठवत नाही रे. विचारत असेन." त्यांनी गुंडी चाचपली. "किंवा दमला असेल. माणूस दमतो. दमला तर दमला, पण नुसतं सांगावं ना, दमलोय म्हणून. मी काय बोललो असतो?"

मिस्त्री उठून कॉम्प्युटरकडे गेले. त्यांना तिथे बसून राहणं शक्य नव्हतं.

त्यांनी पत्ता ताडला. एकेक अक्षर बोट ठेवून, पुन्हा एकदा, मग शेवटाकडून सुरुवातीकडे. पोरीनं काडीचीही चूक केली नव्हती. मग कॉल लावला. उत्तर नाही. शेवटी त्यांनी घरी फोन लावला.

"जरा कोपऱ्यात जा. पडद्यावर लांबलचक आकडे आहेत ते वाच."

"मी? तुमच्या सवतीला हात लावू?"

"लाव गं बाई. आज लाव."

बायको चष्मा शोधून आली आणि वाचू लागली. सुरुवात जुळली. मधलं जुळलं. शेपूट अगदीच वेगळं होतं.

"पुन्हा वाच."

"पुन्हा काय, तेच आहे. आणि इथे दोन ओळी आहेत. वरच्या ओळीपुढे इंग्रजीत टेंपररी लिहिलंय. खालच्या ओळीपुढे काही नाही."

मिस्त्रींनी डोळे मिटले. यंत्राला दोन पत्ते होते. एक कायमचा, आणि एक तात्पुरता, जो ते यंत्र बाहेरच्यांनी आपला माग काढू नये म्हणून स्वतःच जुळवतं आणि काही काळानं टाकून देतं. त्यांनी घाईत वरची ओळ उचलली होती. त्या संध्याकाळी तोच पत्ता चालू होता, म्हणून घुबडाचा कॉल लागला, अडगळचा लागला, सगळे खूश. आणि मग त्यांनी आपल्या रीतीनं बटण पाडलं, चढवलं, आणि यंत्रानं नवा तात्पुरता पत्ता घेतला. मुलीच्या हातात राहिला तो कोणाचाच नसलेला पत्ता. लिफ्टवाल्यानं अख्खा जन्म पाळलेल्या रीतीनं आज मास्तरांना अडकवून ठेवलं होतं, आणि बोलणी खाल्ली होती त्या पोरीनं.

"अहो, ऐकताय का?" बायको म्हणाली. "तिथे लिहिलेलंच आहे की. वाचलं असतंत तर दिसलं असतं."

"खालची ओळ वाच," मिस्त्री म्हणाले. "सावकाश."

ती वाचत गेली, हे तो पत्ता मास्तरांच्या कॉम्प्युटरात घालत गेले. मग त्यांनी मुलीला बोलावलं. "चूक माझी होती. मी तुला उगाच बोललो." तिनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि पदरानं डोळे टिपले.

बस गाठायची तर सातच्या आधी निघायला हवं होतं, पण मिस्त्री शेवटची बस धरायची ठरवून थांबले. सात वाजले. मास्तर खुर्चीत ताठ बसले आणि त्यांची बोटं चालू लागली. घर सापडत नसलेल्या माणसाची बोटं, पण एकदाही अडखळली नाहीत. पडद्यावर हिरवं उमटलं, 'तळमजल्यावर स्वागत असो.' मास्तरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ते आता त्या खोलीत नव्हते, आपल्या मित्राकडे गेले होते. मिस्त्री त्यांच्या पाठीमागे क्षणभर उभे राहिले, मग मुलीला खुणेनंच येतो म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरू लागले.

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारणं शक्य नव्हतं. मिस्त्री तसेच बसमधल्या जागरणानं जड डोक्यानं तीन इमारती हिंडले. संध्याकाळी घरी येऊन बूट न काढताच ते कोपऱ्यात बसले. मास्तरांचा निरोप आदल्या संध्याकाळचा होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो एका ओळीहून मोठा होता.

"तळमजला, आज लिफ्टवाला आला होता. चांगला माणूस. चार मजले चढून आला, गुडघे वाजत होते. फार दमला होता, पण माझं काम करूनच गेला. उद्या मला तो आठवणार नाही, म्हणून तुला सांगून ठेवतो. तुझ्याकडे ठेवलेलं हरवत नाही. मंडळात नवीन कोण आलं?"

मिस्त्रींनी तो तीनदा वाचला. बायको दारात येऊन उभी राहिली होती. "काय लिहिलंय?" तिनं विचारलं. त्यांना सांगता येईना, म्हणून ते जरा बाजूला सरकले. तिनं चष्मा लावला, वाकून वाचलं, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

त्यांचं बोट सवयीनं त्या कळीकडे गेलं. ते त्यांनी मागे घेतलं, आणि ग्रीसनं काळ्या झालेल्या दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत लिहू लागले.

"मास्तर, मी दमलो होतो. रागावलो नव्हतो. मंडळात एक लिफ्टवाला नवीन आलाय. तुमची आणि त्याची जुनी ओळख आहे म्हणतो."